मोठ्यांची फेरी

दादाने रक्ताचा रिपोर्ट लॅमिनेट करून आणला, तेव्हा मी कपाळाला हात लावला. लोक गुणपत्रिका लॅमिनेट करतात, नातवंडांचे फोटो करतात, समजू शकते. पण रक्ताचा रिपोर्ट लॅमिनेट करणारा माणूस नेमका माझ्याच घरात जन्माला यायचा होता! जेवायच्या टेबलावर पाण्याच्या जगला टेकवून त्याने तो उभा केला आणि वहिनीला म्हणाला, "वाच. मोठ्याने वाच. 'दोष आढळला नाही.' बघ. दोष. आढळला. नाही." मग माझ्याकडे वळला. "आता ह्या कापाकापी खात्याने माझा पिच्छा सोडावा."

कापाकापी खातं म्हणजे मी, त्याची धाकटी बहीण. हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत काम करते. पेशंटच्या स्नायूचा हरभऱ्याएवढा तुकडा आमच्याकडे येतो. आम्ही तो गोठवतो, यंत्रावर त्याचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढतो, काचपट्टीवर लावतो, रंगवतो आणि वरच्या डॉक्टरांकडे पाठवतो. एवढं साधं काम. पण दादाला कोणी विचारलं, बहीण काय करते, तर सांगतो, "ती ना? माणसं कापते. बारीक."

आणि हा स्वतः काय करतो? बोलतो. जन्मभर नुसतं बोलत आलाय आणि वर त्याचा पगार घेतो. आमच्या शहराच्या मधल्या चौकात घड्याळाचा जुना मनोरा आहे, तिथे तो गाइड आहे. ऑफिसात त्याला सगळे 'भोंगा' म्हणतात, तोंडावर म्हणतात, आणि त्याला ते आवडतं. लोकांना घेऊन गोल जिन्याने वर जायचं, दर टप्प्यावर थांबून माहिती द्यायची, वर घड्याळाची चाकं दाखवायची आणि खाली आणायचं. माहितीचं भाषण त्याने तरुणपणी स्वतः बसवलं. ते पाठ आहे, मधेच झोपेतून उठवलं तरी चुकत नाही. पण पूर्ण भाषण तो कधीच म्हणत नाही. शाळेची मुलं असली की खून आणि दारुडा पहारेकरी गाळतो, कबुतरं आणि दातेरी चाकं ठेवतो. मोठी माणसं असली की चाकं गाळतो, खून ठेवतो. इंजिनिअर आले तर फक्त चाकं, मग त्यांना हलवताना नाकी नऊ येतात. "भाषण एकच," तो ऐटीत सांगतो, "पण कुठे कुठला तुकडा ठेवायचा आणि उरलेले कसे जोडायचे, की सांधा कळता कामा नये, ही कला आहे. तुला काय कळणार!"

दोनेक वर्षांपूर्वी त्याच्या मांड्या कमजोर व्हायला लागल्या. आधी म्हणाला, बूट जड आहेत. मग म्हणाला, जिना झिजलाय. नाचता येईना अंगण वाकडं! एकदा मी पाहुण्यांना घेऊन त्याच्या फेरीत गेले, तेव्हा मला प्रकार समजला. दुसऱ्या टप्प्यावर एक अरुंद खिडकी आहे. तिच्यासमोर पलीकडच्या इमारतीची भिंत येते, दुसरं काही दिसत नाही. तिथे दादा थांबला, कठड्याला धरून उभा राहिला आणि त्या खिडकीबद्दल बोलायला लागला. बोलतोय, बोलतोय. तिची वीट, तिची रुंदी, तिच्यातून येणारा वारा. खिडकीच्या त्या भाषणाला ना शेंडा ना बुडखा. लोक एकमेकांकडे बघायला लागले. मी त्याच्या पायांकडे बघत होते. ते थरथरत होते. दम खायला, पाय सावरायला त्याने भाषणात एक नवा तुकडा घातला होता आणि तो दर महिन्याला लांबत चालला होता.

खाली आल्यावर मी त्याला धरून हॉस्पिटलात नेला. नेला म्हणजे काय, आठवडाभर भांडले, वहिनीने जेवण वाढणं बंद करायची धमकी दिली, तेव्हा आला.

तिथल्या आनुवंशिक आजारांच्या डॉक्टरीणबाई तरुण आहेत, शांत आहेत. दादासमोर शांत राहते म्हणजे बाई खरंच थोर. त्यांनी त्याच्या जनुकांची तपासणी केली. स्नायूंशी संबंधित एका जनुकात एका जागी एक अक्षर बदललेलं सापडलं. पण असे बदल पुष्कळांत असतात आणि बरेचसे काही त्रास देत नाहीत. हा त्रास देणारा आहे की निरुपद्रवी, ते कोणालाच सांगता येईना. म्हणून मग रक्तातल्या पेशी त्या जनुकाचा उपयोग कसा करतात, ते बघितलं. त्यात सगळं सुरळीत निघालं. तोच हा लॅमिनेट केलेला रिपोर्ट.

डॉक्टरांनी त्याच वेळी सांगितलं होतं, की ह्यावर जाऊ नका. पेशी जनुकाची आधी एक कच्ची नक्कल काढते. त्यातले नको ते तुकडे कापून टाकते आणि हवे ते एकमेकांना जोडते. त्या जोडलेल्या नकलेवरून प्रथिन तयार होतं. पण हवे ते कुठले, हे सगळ्या पेशी एकसारखं ठरवत नाहीत. ह्या जनुकातला एक तुकडा स्नायू ठेवतात आणि रक्तातल्या पेशी गाळून टाकतात. दादाचं बदललेलं अक्षर नेमकं त्याच तुकड्याच्या कडेला, सांधा जिथे बसतो तिथे. रक्त त्या तुकड्याच्या वाटेलाच जात नाही. मग तिथे दोष दिसणार कसा? खरं काय ते स्नायूच सांगणार. मांडीतून छोटासा तुकडा काढावा लागेल.

"म्हणजे कापाकापी," दादा म्हणाला आणि उठला.

त्या दिवसापासून मी त्याला समजावतेय. मी कागदावर चित्रं काढली. त्याने त्यावर मिशा काढल्या. मी गाजर घेतलं, त्याचे तुकडे केले, हा ठेवला, हा काढला, परत लावून दाखवलं. त्याने गाजर खाल्लं. "जनुक एकच ना? सगळ्या अंगात तेच ना? तूच म्हणालीस ना?" हो रे बाबा, तेच. "मग रक्त साफ म्हणजे मी साफ." पालथ्या घड्यावर पाणी! मी चिडले की तो आणखी शांत व्हायचा आणि रिपोर्टवरून रुमाल फिरवायचा. मला वाटायचं, ते प्लास्टिक त्याच्या डोक्यात घालावं.

मी एकटीने सोडून दिलं असतं. त्याचे पाय, तो आणि त्याचा जिना. पण प्रश्न टिटवीचा होता.

टिटवी म्हणजे त्याची मुलगी, माझी भाची. लहानपणी एवढी किंचाळायची की तेच नाव पडलं. आता लग्न झालंय, गल्ली सोडून पुढच्या गल्लीत राहते, आणि तिला पाचवा महिना लागलाय. डॉक्टरांनी तिचीही तपासणी केली होती. तेच अक्षर तिच्यातही बदललेलं. तिला अजून काही त्रास नाही. पण तो बदल खरंच वाईट असेल, तर बाळंतपणात भूल द्यायची वेळ आल्यावर काही औषधं अशा स्नायूंना चालत नाहीत, आणि पुढे बाळावरही लक्ष ठेवावं लागेल. "खबरदारी आम्ही घेऊच," डॉक्टर म्हणाल्या, "पण अंदाजाने घेणं आणि माहीत असून घेणं ह्यात फरक आहे." आणि ते माहीत होण्याचा रस्ता एकच. ज्याचे पाय आधीच बोलायला लागलेत, त्याचा स्नायू. म्हणजे आमचे भोंगासाहेब.

टिटवी माझ्याकडे आली ती पाय आपटतच. सोफ्यावर बसली आणि म्हणाली, "आत्या, बाबांना सांग नाहीतर मी त्यांच्याशी बोलणार नाही."

"मी काय गप्प बसलेय? गाजर खाल्लंन् त्याने माझं."

"मी कालपासून तीनदा फोन केला. दर वेळी जोक सांगतात. मी म्हणते बाबा, मला कळायला हवं. ते म्हणतात, झाकली मूठ सव्वा लाखाची. हे काय उत्तर झालं?" मग तिचा आवाज फाटला. "मला रात्रभर वाटत राहतं की ह्याच्यातही असेल." तिने पोटावर हात ठेवला होता. "असलं तर असू दे. पण मला नुसतं लटकत ठेवू नका ना."

मी तिला जवळ घेतलं आणि मनातल्या मनात दादाला जेवढ्या शिव्या येतात तेवढ्या दिल्या. मग फोन करून सांगितलं, की उद्या सकाळी तू डॉक्टरांकडे येतोयस. हवं तर तूच त्यांना समजाव की तू साफ आहेस. समजावायला म्हटल्यावर तो लगेच तयार झाला. श्रोता मिळतोय म्हटल्यावर भोंगा कुठेही येतो.

आला तो कडक इस्त्रीचा शर्ट घालून, काखेत रिपोर्ट. सोबत वहिनी आणि मी. डॉक्टरांच्या खोलीत खुर्चीवर बसताना त्याने दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली होती, ते आम्ही तिघींनी बघितलं आणि तिघींनी न बघितल्यासारखं केलं. डॉक्टरांनी परत सगळं सांगितलं. तो मान डोलवत राहिला. मग म्हणाला, "डॉक्टर, तुमचं बरोबर असेल. पण तपासणी म्हणजे तपासणी. एकदा निर्दोष म्हणजे निर्दोष. आमच्याकडेही एकदा अशीच तपासणी झाली होती."

वहिनीने डोळे मिटले. मी छताकडे बघितलं. तपासनिसाची गोष्ट! ही गोष्ट आम्ही लग्नात ऐकलीय, मयतात ऐकलीय, दाताच्या डॉक्टरकडे बसून ऐकलीय.

"मोठ्यांच्या फेरीत मी एक खून सांगतो," दादा रंगात आला. "मनोरा बांधणाऱ्या कारागिराला त्याच्या भागीदाराने वरून ढकललं. आता खरं सांगायचं, तर तो खून मी घातलाय. कारागीर सर्दी-तापाने गेला असणार. पण लोकांना खून आवडतो. बरीच वर्षं चाललं. मग एक दिवस एक बाई फेरीत होत्या, त्या निघाल्या त्या भागीदाराच्या पणतीच! झाली तक्रार. हा माणूस खोटं बोलतो, आमच्या पणजोबांना खुनी म्हणतो. वरच्या ऑफिसाने तपासनीस पाठवला. आणि तो आला कधी? सकाळी. सकाळी आमच्याकडे कोण असतं? शाळेची मुलं! मला तर माहीतही नव्हतं तो कोण ते. मागे उभा राहून ऐकत होता बिचारा. कबुतरं ऐकली, चाकं ऐकली. मुलांच्या फेरीत खून नसतोच. तो गाळलेला असतो. तर त्याने काय लिहिलं माहितीय? 'भाषणात काहीही आक्षेपार्ह आढळलं नाही.'"

इथे दादा नेहमी टेबलावर थाप मारतो आणि हसतो. आम्हीही सवयीने हसतो. थाप मारायला त्याने हात उचलला आणि तो हात तसाच राहिला.

दादा स्वतःच्या रिपोर्टकडे बघत होता. मग हळूच म्हणाला, "खून तर संध्याकाळच्या फेरीत चालूच होता."

त्याने रिपोर्ट उलटा करून टेबलावर ठेवला.

"म्हणजे माझं रक्त..." तो म्हणाला, "म्हणजे तुम्ही शाळेची फेरी ऐकलीत."

"हो," डॉक्टर म्हणाल्या. "मांडीत मोठ्यांची चालते."

मला वाटलं, आता तरी हसेल. पण त्याचा चेहरा एकदम उतरला आणि तो माझ्यावरच उखडला. "तुला काय वाटलं, मला कळत नव्हतं? गाजर घेऊन नाचत होतीस! मला पहिल्या दिवशी कळलं होतं की काहीतरी आहे. माझे पाय आहेत, मला नाही कळणार? पण आज 'आहे' म्हटलं की तो जिना गेला. आणि..." तो थांबला. वहिनीने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "आणि मग ते पोरीला मीच दिलं, हे पक्कं झालं. मीच दिलं, असं तुम्हा सगळ्यांना हवंय."

"अहो, कोणाला हवं असतं असं?" वहिनी म्हणाली.

"डोळे दिलेत तिला तू," मी म्हणाले. "नाक दिलंस, ते तर अक्षरशः वाईट आहे. आवाज दिलास. ते सगळं काय विचारून दिलंस? आता फक्त ती विचारतेय तेवढं सांग तिला." मला रडू येत होतं आणि मी ओरडत होते. आमच्या घरात हे दोन्ही एकदमच होतं.

दादाने नाक पुसलं. "कापा," तो डॉक्टरांना म्हणाला. मग माझ्याकडे बोट करून, "पण पुढचं हिनेच करायचं. दुसरं कोणी वाकडं कापेल."

तर मीच केलं. आमच्या प्रमुखांनी विचारलं, नातेवाईक आहे, दुसऱ्या कोणाला देऊ का? मी नाही म्हटलं. मांडीतून आलेला तो तुकडा ओल्या जाळीत गुंडाळलेला होता. गोठवला, यंत्रावर बसवला, काप काढायला लागले. आयुष्यभर हे काम केलं, हात कधी हलला नाही. त्या दिवशी पहिले काप सुरकुतले. मी चिडून दादालाच बोलले, तिथे, एकटीच, यंत्रासमोर. "इथेसुद्धा त्रासच देणार का रे तू?" मग नीट निघाले. उरलेला भाग वरच्या मजल्यावर गेला, तिथे पेशींनी जोडलेल्या नकला वाचतात.

निकाल आला तो आम्हाला वाटत होता तोच. स्नायूत त्या जनुकाच्या निम्म्या नकला बरोबर जोडलेल्या. उरलेल्या निम्म्यांत तो तुकडा चुकीच्या जागी कापला जात होता, त्यामुळे प्रथिन अर्धवट बनत होतं. रक्तात ह्यातलं काही नाही. तिथे आजही सगळं साफ. आजार हळू चालणारा आहे, डॉक्टर म्हणाल्या. जिना बंद, व्यायाम सुरू, हृदय वर्षातून एकदा बघायचं. आणि टिटवीलाही तोच बदल असल्यामुळे भुलीच्या डॉक्टरांना आधीच कळवायचं. बाळाला आलाय की नाही, ते पुढे बघता येईल. येण्याची आणि न येण्याची शक्यता सारखीच.

"टिटवीला मी सांगतो," दादा म्हणाला. "तुम्ही कोणी तोंड उघडायचं नाही." आणि त्याने तिला बोलावलं कुठे? मनोऱ्यापाशी. घरी टेबल आहे, खुर्च्या आहेत, चहा आहे, पण नाही. मी वैतागतच गेले, कारण त्याला एकट्याने जमणार नाही हे मला माहीत होतं.

मनोऱ्याच्या पायथ्याशी बाक आहे. दोघं त्यावर बसले. मी जरा बाजूला उभी. जिन्याच्या दारात शाळेची एक रांग नव्या गाइडची वाट बघत गोंधळ घालत होती. दादाने तिला सगळं सांगितलं. मला शंका होती, आता हा कबुतरं आणेल, एखादा जोक घुसडेल. नाही आणला. मांडीत काय निघालं, रक्तात का निघालं नव्हतं, तिला काय असू शकतं, बाळाला काय असू शकतं, आणि हे त्याच्याकडून आलं, हेसुद्धा. एकही तुकडा गाळला नाही. मध्येच एकदा थांबला, पाणी प्यायला, आणि पुढे सांगितलं.

टिटवी शांतपणे ऐकत होती. शेवटी म्हणाली, "बाबा, तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"माहीत असं नाही. पाय जड वाटायचे. वर दुसऱ्या टप्प्याला एक खिडकी आहे..."

"मला माहितीय." तिने त्याचा हात धरला. "मागच्या वर्षी मी मैत्रिणींना घेऊन आले होते, तेव्हा तुम्ही त्या खिडकीवर बोलत होता. बाबा, त्या खिडकीतून काही दिसत नाही. भिंत आहे समोर. मी लहानपणापासून बघतेय."

दादाने तोंड उघडलं आणि मिटलं. परत उघडलं. काही आलं नाही. तो तिचा हात धरून नुसता बसून राहिला, डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि ते पुसायचंही त्याला सुचत नव्हतं.

ह्या माणसाने एकदा तरी गप्प बसावं, म्हणून मी जन्मभर वाट बघितली. जेवताना, प्रवासात, हॉस्पिटलात. आणि आता तो गप्प बसला होता, तर मला ते एक क्षणभरही बघवेना.

"बोल की रे दादा काहीतरी," मी ओरडले. "कबुतरांचं सांग हवं तर!"